तासगावकर नमुना

विट्याच्या एसटी स्टँडावर सकाळच्या वेळी बाकड्यांवर बसलेली म्हातारी माणसं उठायला लागली की एक बारीकसा आवाज येतो. नाकातून श्वास सुटल्याचा. आधी फुस्, मग माणूस उभा. गाड्यांच्या आणि शेंगावाल्यांच्या गलक्यात तो कुणाच्या ध्यानातही यायचा नाही. अरविंद तासगावकरांना मात्र तो नेमका ऐकू यायचा, आणि ऐकला की ते मुद्दाम दुसरीकडे बघत पुढे जायचे.

त्या दिवशी भिकाआण्णांनी त्यांना गाठलंच.

"थांबा की सर, पळताय कुठं?" आण्णा बाकड्यावरून उठले. फुस्. हातात काठी नव्हती. जवळ येऊन त्यांनी भर स्टँडात सदरा वर केला आणि पोटावरचा राखाडी पट्टा दाखवला. "दोन वर्सं अंथरुणात काढली म्या. आता तुमच्या पोटावर चालतुया."

आणि सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस चोपन्न वर्षांच्या तासगावकरांच्या पाया पडायला वाकला. कमरेत न मोडता, सरळ, छान वाकला.

"अहो आण्णा, मोठे आहात तुम्ही," तासगावकर मागे सरकत म्हणाले. मागे सरकताना त्यांच्या पाठीत कळ उठली. ती त्यांनी गिळली, कारण अख्ख्या तालुक्यात पाठ दुखण्याची सोय नसलेला तो एकच माणूस होता.

हा पट्टा 'सुस्थिर' नावाच्या पुण्याच्या कंपनीचा. सरकारी योजनेत आल्यापासून गावोगाव पोचलेला. त्याच्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. आपण हात उचलतो तेव्हा सगळ्यांत आधी हात हलतो असं आपल्याला वाटतं, पण ते खरं नाही. आधी पोट आवळतं. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तीसेक भाग आधी. आपल्या धडाच्या आत स्नायूंचा एक बंद डबा आहे. वरचं झाकण श्वासपटलाचं. बूड कटितळाच्या स्नायूंचं. पुढून आणि बाजूंनी पोटाचा सगळ्यांत आतला आडवा स्नायू गुंडाळलेला, आणि मागे मणक्याला मणक्याशी बांधणारे बोटाएवढे स्नायू. हे चौघे एकदम आवळले की डबा घट्ट होतो, कणा जागच्या जागी राहतो, आणि मग हातापायांनी काय हवं ते करावं. तालमीतली पोरं आरशात ज्या पोटाच्या वड्या बघून खूश होतात, त्या या चौघांच्या बाहेर बसलेल्या. काम त्याही करतात, पण आतल्यांनी आधी डबा बांधला तर.

एखाद्याची पाठ धरली की या चौघांतला एकजण उशीर करायला लागतो. पाठ बरी होते, उशीर तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी साधी घागर उचलताना कणा उघडा पडतो. पट्टा एवढंच करायचा, की मानेवर चिकटवलेल्या टिकलीतून हालचालीचा बेत आधीच ओळखायचा आणि त्या चौघांना वेळेवर हलकासा झटका देऊन जागं करायचं. कुणाला आधी, कुणाला किती, कोणत्या बाजूनं सुरुवात, या सगळ्याच्या नोंदीला म्हणायचं नमुना. कंपनीनं संगणकाकडून नमुने बनवून बघितले, तर माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी चालायला लागली. नमुना जिवंत माणसाचाच लागतो, आणि तोही असल्या बांधणीत जन्म घालवलेल्या माणसाचा.

म्हणून सात वर्षांपूर्वी कंपनीची माणसं विट्यातल्या बजरंग व्यायाममंदिरात आली होती. तिथं तासगावकर सर मल्लखांब शिकवायचे. त्यांची शिकवण्याची पद्धत सांगली जिल्ह्यात नावाजलेली. मूल खांबावर असताना सरांचा डावा तळहात त्याच्या पोटावर असायचा आणि उजव्या हातात बारीक छडी. पोट आवळायच्या आधी पाय हलला की पोटरीवर छडी बसायची. "आधी पोट, मग पाय," हे वाक्य तिथल्या भिंतीवरही लिहिलेलं होतं. कंपनीला आणखी काय पाहिजे होतं?

फक्त एक गोष्ट कंपनीला ठाऊक नव्हती. त्याच्या तीन वर्षं आधी सर खांबावरून घसरले होते. तालमीत कुणी नसताना. पाठीवर आपटले आणि तसेच उठून घरी गेले. मल्लखांबाचा मास्तर खांबावरून पडला हे सांगायचं कुणाला?

कंपनीनं नोंद घेणारा पट्टा नऊ दिवसांसाठी त्यांच्याकडे ठेवला. पहिल्याच दिवशी पडद्यावर लाल अक्षरं आली. मागचे स्नायू उशिरा, फार उशिरा. निवड झाली म्हणून गावात सरांच्या सत्काराची तारीख तोवर ठरली होती, फलक रंगवून झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पट्टा ईश्वरी खरातला दिला.

ईश्वरी तेव्हा एकोणीस वर्षांची. आटपाडीकडच्या मेंढपाळाची मुलगी, नवव्या वर्षापासून सरांच्या हाताखाली. खांबाला धरून ती फरारा करायची, म्हणजे सगळं अंग जमिनीला समांतर, निशाणासारखं आडवं, तेव्हा बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. डावखुरी होती. आणि तिला एक खोड होती. कोणतीही पकड घ्यायच्या आधी तिच्या नाकातून फुस् असा श्वास सुटायचा. सरांना ते मुळीच आवडायचं नाही. त्या खोडीपायी तिनं खूप छड्या खाल्ल्या, खोड गेली नाही.

"कंपनीचा पट्टा नीट चालतो का बघायचंय," सर तिला म्हणाले होते. "आठ दिवस हा बांधून सराव कर. सगळ्या उड्या, सगळ्या पकडी."

"बरं सर," ती म्हणाली. तालमीत सरांना का म्हणून विचारायची रीत नव्हती.

रोज संध्याकाळी ते पट्टा परत घ्यायचे आणि स्वतःचा अंगठा उठवून नोंद बंद करायचे. तेव्हा मनाची समजूत घालायला त्यांना वेळ लागला नाही. हिचं पोट घडवलं कुणी? दहा वर्षं तळहात कुणाचा होता? शिष्याचं जे असतं ते गुरूचंच असतं, असं त्यांच्या गुरूंनीही त्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी हे सगळं फार पटलं. नंतर, स्टँडावर पहिलं फुस् ऐकलं, त्या दिवसापासून पटेनासं झालं. पण तोवर पट्ट्यावर 'तासगावकर नमुना' छापून आलं होतं.

आणि स्वतःच्या पाठीसाठी ते पट्टा कसा बांधणार? ज्याच्या नावाचा नमुना, तोच दुकानात पट्टा मागायला गेला तर? खाई त्याला खवखवे. सात वर्षं ते सदऱ्याखाली जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधत होते.

भिकाआण्णा पाया पडले त्याच आठवड्यात मिरजेहून डॉक्टर तांबोळींचा फोन आला. मेहरुन्निसा तांबोळी स्नायूंच्या व्यायामोपचारांच्या डॉक्टर. जिल्ह्यातले निम्मे पट्टे त्यांनीच बसवलेले.

"सर, तुमची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आहे. ईश्वरी खरात. तुम्ही एकदा येऊन जाल का?"

ईश्वरीचं लग्न होऊन ती मिरजेला गेली होती. वर्षापूर्वी बाळंतपणात गुंतागुंत झाली, पोट दोनदा उघडावं लागलं. जीव वाचला, पण आतला तो आडवा स्नायू दोन ठिकाणी कापला गेला होता. सर पोचले तेव्हा ती खुर्चीवर बसली होती आणि अकरा महिन्यांची ओवी समोर सतरंजीवर रांगत होती. ओवीनं दोन्ही हात वर केले. ईश्वरीनं नुसता तिच्या केसांतून हात फिरवला. खाली वाकून उचलणं तिला जमत नव्हतं.

सरांना बघून ती उठली. फुस्.

"सर, ऐकलंत?" तिचा चेहरा उजळला. "पट्टा बांधल्यापासनं नाकातनं पुन्हा श्वास सुटायला लागलाय माझा. पूर्वीसारखा. डॉक्टर म्हणाल्या, तुमचा पट्टा बांधणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं. म्हणजे ही खोड तुम्हालाही होती सर?"

सरांनी मान डोलावली.

"मग मला का रागवायचात?"

"माझी खोड तुला लागू नये म्हणून," सर म्हणाले.

हे वाक्य इतक्या पटकन कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही. ईश्वरीचे डोळे भरले. तिनं पदराच्या टोकानं ते पुसले आणि ओवीला म्हणाली, "बघ, हे आईचे सर." सरांना वाटलं, जमिनीनं आपल्याला आत्ता पोटात घ्यावं.

डॉक्टर तांबोळी पडद्याकडे बघत होत्या. "परका नमुना साठ टक्क्यांच्या वर सहसा जुळत नाही. हिला तुमचा नव्वद जुळतोय. गुरूचं पोट शिष्येला वारशानं आलंय म्हणायचं." त्या हसल्या. "पण योजनेतल्या पट्ट्यात तुमच्या नोंदीतलं फक्त चालणं, उठणं, वाकणं आहे. त्यात दोन्ही बाजू सारख्याच वापरल्या जातात. हिला मूल कडेवर घ्यायचंय, एका हातानं उचलायचंय, अंग पिळायचंय. त्यासाठी तुमची पूर्ण नोंद लागेल, मल्लखांबाची. ती कुलूपबंद आहे, तुमच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. खरं तर तिचा स्वतःचा जुना नमुना असता तर शरीरानं आपली वाट आपणच धरली असती. पण धडधाकट असताना कोण नमुना काढून ठेवतो?"

सर ओवीकडे बघत राहिले.

"नोंदीवरची माहिती वाचते, तेवढी बघा. तासगावकर अरविंद. उंची पाच फूट दहा. वजन अठ्ठ्याहत्तर. हात उजवा. ही डावखुरी आहे, त्यामुळे यंत्र तुमचा नमुना आरशासारखा उलटवून हिला देईल. बरोबर आहे ना सगळं?"

"बरोबर," सर म्हणाले आणि अंगठा उठवला.

परतीच्या गाडीत त्यांना हलकं वाटत होतं. तिचं तिला मिळालं, आपलं नावही राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तासगाव मागे पडलं, गाडी चढाला लागली, आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात ते सरळ, स्वच्छ उभं राहिलं. नोंद मुळात डाव्या हाताची आहे. यंत्र तिला उजव्या हाताची समजून उलटवणार. म्हणजे ईश्वरी डावा हात उचलेल आणि पट्टा चुकीच्या बाजूनं पोट बांधेल.

त्यांनी खिशातून फोन काढला. डॉक्टर तपासूनच सुरू करतील, असं स्वतःशी म्हणाले. फोन परत खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशीही करता आला असता, तिसऱ्याही. एकवीस दिवस त्यांनी तो केला नाही. याच्याइतकं शेण त्यांनी सात वर्षांपूर्वीही खाल्लं नव्हतं, आणि हे त्यांना रोज उठल्याबरोबर आठवायचं.

बाविसाव्या दिवशी दुपारी ईश्वरी तालमीत आली. माहेरी आली होती, म्हणाली, खांबाला हात लावून जावं. दाराशी चपला काढल्या, रीतीप्रमाणे आधी खांबाला हात लावून तो कपाळाला नेला, मग सरांच्या पायाला. खांबाला एरंडेल लावत बसलेल्या आठ-दहा मुली तिच्याभोवती जमल्या. तिचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं. ओवी चटईवर बसून तेलाच्या वाटीकडे हात करायला लागली.

"अगं अगं, सांडशील," म्हणत ईश्वरी वळली, वाकली आणि डाव्या हातानं तिला उचलायला गेली.

सरांनी ते होण्याआधी पाहिलं. तिचा डावा खांदा हलला आणि पोट उजवीकडून आवळलं. पंचवीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा तळहात पुढे झाला, पण उशीर झाला होता. ईश्वरी कमरेत पिळली आणि गुडघ्यावर आली. पोरीला तिनं छातीशी धरलं, पडू दिलं नाही. स्वतः मात्र पोटावर हात दाबून तशीच वाकून राहिली. तिच्या कपाळावर घाम आला.

एका मुलीनं ओवीला घेतलं. सरांनी ईश्वरीला भिंतीला टेकवून बसवलं.

"किती दिवस होतंय हे?"

"घरीपण दोनदा झालं." ती दम खात म्हणाली. "डॉक्टरांना बोलले नाही. म्हटलं, पट्टा काढून घेतील." मग तिनं मान खाली घातली. "माझंच चुकतंय सर. तुमच्या नमुन्याला माझं अंग पुरं पडत नाही. तुम्ही एवढं दिलंत आणि मला ते पेलवंना."

ती त्यांची माफी मागत होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षांत सत्कार झाले, लोक पाया पडले, ते सगळं त्यांनी कसंबसं पचवलं होतं. हे पचेना.

ते तिच्यासमोर खाली बसले. पाठ करकरली, त्यांनी तोंडावर तसं दिसूही दिलं.

"ईश्वरी, तो नमुना माझा नाही. तुझा आहे."

तिला कळलं नाही. ते गुरुकृपेसारखं काहीतरी बोलतायत असं वाटून तिनं हात जोडले.

"हात जोडू नको. ऐक. कंपनीचा पट्टा मी तुला आठ दिवस बांधायला दिला होता, आठवतंय? चालतो का बघायचंय म्हणालो होतो. ते खोटं होतं. माझी पाठ तेव्हाच गेलेली होती. तुझी नोंद मी माझ्या नावानं दिली."

मुली जागच्या जागी थांबल्या होत्या. ओवी तेवढी तेलाच्या वाटीसाठी कुरकुरत होती.

"म्हणजे ते नाकाचं..." ईश्वरी म्हणाली.

"तुझंच."

"तुम्ही म्हणालात, तुमची खोड."

"खोटं बोललो."

तिनं भिंतीवरच्या त्या वाक्याकडे बघितलं. मग तिनं जे विचारलं, त्याचीच त्यांना भीती होती. "मग यंत्रानं माझाच नमुना उलटवलाय. पट्टा उलटा बांधतोय हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. गाडीत."

"एकवीस दिवस झाले, सर."

"हो. भ्यालो."

आपण भ्यालो, हे सांगून झाल्यावर त्याला कारण जोडायचं म्हणजे पुन्हा खोटंच झालं असतं.

"डॉक्टरांना फोन लावा," ईश्वरी म्हणाली. "मोठ्यानं लावा. मला ऐकायचंय."

त्यांनी लावला. डॉक्टर तांबोळींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या कोरड्या सुरात म्हणाल्या, "आधी तिचा पट्टा बंद करा. उद्या सकाळी तिला इकडे पाठवा, पोट तपासते. नोंद मी आत्ता दुरुस्त करते. सांगा. उंची?"

"पाच फूट एक."

"वजन?"

"तेव्हा सत्तेचाळीस होतं."

"हात?"

"डावा."

"नाव?"

सरांनी समोर बघितलं. आठ-दहा मुली, भिंतीशी ईश्वरी, मधे तो तेल पिऊन काळा झालेला खांब. "ईश्वरी खरात," ते म्हणाले. आवाज फुटला, म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

ती निघाली तेव्हा दोन मुलींनी तिला दोन्हीकडून धरलं होतं. दाराशी थांबून तिनं खांबाला हात लावला, तो कपाळाला नेला. सर शेजारीच उभे होते. त्यांच्या पायांकडे ती वाकली नाही.

पुढचं सगळं विट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीनं निवेदन काढलं, पट्ट्यांवरचं नाव बदललं. पेपरात दोन दिवस छापून आलं. भिकाआण्णा स्टँडावर भेटले तेव्हा नेहमीसारखे हाक मारून आले. "चालणं माझं हाय तसंच हाय," ते म्हणाले. "पर सर, त्या दिवशी तुमच्या पाया पडलो हुतो, ते तेवढं परत घेतलं बगा." सर म्हणाले, "घ्या आण्णा." दुसरं काय म्हणणार?

ईश्वरीच्या पोटाला नव्यानं इजा झाली नव्हती. स्वतःचाच नमुना, न उलटवलेला, तिच्या अंगानं असा घेतला की डॉक्टर तांबोळींनी चार महिन्यांत पट्टा सोडवला. व्यायाममंदिराच्या मंडळानं शनिवार-रविवारचा मुलींचा वर्ग तिला दिला. सरांनी खांबाला तेल लावायचं आणि पाणी भरायचं काम मागून घेतलं. मंडळाला ते अवघड वाटलं, पण त्यांनी दिलं. छडी सरांनी मोडून बंबात घातली.

आणि एक दिवस मिरजेला जाऊन त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "मलाही एक पट्टा द्या." डॉक्टरांनी तो बसवला.

त्या शनिवारी सकाळी सर दोन बादल्या घेऊन आडावरून आले. दारात बादल्या टेकवल्या, श्वास घेतला आणि पुन्हा उचलायला वाकले. पोट आपोआप आवळलं, दहा वर्षांत आवळलं नव्हतं तसं. चारही बाजूंनी, वेळेवर. पाठीत काही दुखलं नाही. आणि त्यांच्या नाकातून श्वास सुटला. फुस्.

ईश्वरी खांबाशी उभी होती, एका मुलीच्या पोटावर तळहात ठेवून. आवाज ऐकून तिनं वळून बघितलं. त्या दुपारनंतर ती त्यांच्याकडे अशी सरळ पहिल्यांदाच बघत होती.

"ह्याच्यासाठी तुम्ही मला पोटरीवर छडी मारायचात, सर," ती म्हणाली.

"हो," सर म्हणाले.

ती पुन्हा मुलीकडे वळली. सरांनी पहिली बादली हौदात ओतली. मग दुसरी उचलायला वाकले, तेव्हाही तो आवाज आलाच.